विहिरीत उतरतो तो पाऊस कोणता?

शेतकरी बंधूंनो, पावसाचा हिशेब ठेवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. रोहिण्या किती बरसल्या, मृगाने कुठे दगा दिला, तरणा पाऊस कसा झाला आणि म्हातारा कसा, आसळकाने किती ओढ दिली, हत्तीने सोंड कुणाच्या शिवारात फिरवली, हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा तर कचेरीत मिळतोच. पण एक प्रश्न असा आहे की ज्याचे उत्तर आपल्याकडे नाही आणि तहसील कचेरीतही नाही. तुमच्या विहिरीत आज जे पाणी आहे, ते यातल्या कोणत्या नक्षत्राचे?

"पाणी ते पाणी, त्याला काय नक्षत्राचा शिक्का असतो होय?" असे कोणी म्हणेल. तर मंडळी, असतो. आणि हा शिक्का वाचता आला तर गावच्या पैशाचे बरेच निर्णय आज होतात तसे अंदाजपंचे होणार नाहीत.

आधी पैशाचेच बोलू. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. गावोगाव नाले खोल झाले, सिमेंट बंधारे उभे राहिले. २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असा त्याचा सूर होता. मग एक बाजू म्हणाली, पैसा पाण्यात गेला. दुसरी म्हणाली, आमच्या गावात या आणि विहिरी बघा. दोन्हीकडे खरे बोलणारी माणसे होती. तरी भांडण मिटले नाही, कारण विहिरीला पाणी चढले ते बंधाऱ्यामुळे की त्या साली देवाने हात सैल सोडला म्हणून, हे नुसत्या पातळीवरून ठरत नाही. टेप सोडली की पाणी किती ते कळते. ते कुठून आले हे टेप सांगत नाही.

आता तो शिक्का काय आहे ते पाहू. पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन, हे पोरांच्या पुस्तकातही आहे. पण सगळा ऑक्सिजन एका वजनाचा नसतो. एकाच खळ्यावरचे दाणे कुठे सारखे असतात? दर पाचशे अणूंमागे एखादा अणू जड असतो, त्याला ऑक्सिजन-१८ म्हणतात. हायड्रोजनमध्येही असा जड भाऊ आहे, ड्यूटेरियम नावाचा. तो आणखी दुर्मिळ, सहा-साडेसहा हजारांत एक. अणू म्हटले की लोक दचकतात, म्हणून सांगून ठेवतो: यात किरणोत्सर्ग नाही, विष नाही. तुमच्या-आमच्या माठात तेच पाणी आहे आणि आजे-पणजेही तेच प्याले. रायगड जिल्ह्यात थळला अणुभट्टीसाठी जे जड पाणी तयार करतात, ते याच जड हायड्रोजनचे घट्ट केलेले रूप. पावसात तो फक्त नखभर असतो. पण किती नखभर, ते ऋतूप्रमाणे बदलते, आणि सारी गंमत तिथेच आहे.

उफणणी ज्यांनी केली आहे त्यांना हे लगेच उमगेल. वाऱ्यावर पाटी धरली की भुस्सा लांब उडतो आणि दाणा पायाशी पडतो. समुद्रावरून वाफ उठते तेव्हा हलके पाणी आधी उडते आणि जड पाणी काहीसे मागे राहते. म्हणून ढग मुळातच समुद्रापेक्षा थोडा हलका असतो. पुढे त्या ढगातून पाऊस पडू लागला की उलटा प्रकार होतो: जड पाणी आधी गळते आणि उरलेला ढग आणखी हलका होतो. जितका प्रवास लांब, जितका पाऊस वाटेत पडून गेला, तितके मागचे पाणी हलके. याचा आकडा मांडताना समुद्राचे पाणी शून्य धरतात. पावसातला जड ऑक्सिजन समुद्रापेक्षा हजारामागे पाच भागांनी कमी असेल तर तो पाऊस उणे पाचचा. मुंबईचा पाऊस समुद्रावरून नुकताच चढलेला असतो, त्यामुळे तो बहुधा शून्य ते उणे दोन-तीनच्या आसपास राहतो.

वळवाचे तंत्र निराळे. मे महिन्यात चार थेंब पडतात, खालची हवा तापलेली आणि कोरडी. थेंब जमिनीवर येईपर्यंत त्याचा थोडा भाग हवेतच उडतो, आणि उडतो तो हलका भाग. म्हणून वळवाचा पाऊस जड भरतो. उलट चार-चार दिवस झड लागली की हवा ओलीचिंब असते, थेंबातले काही उडत नाही, आणि ढगांनी जड पाणी आधीच सांडलेले असते. झडीचा पाऊस हलका. दिल्लीच्या नोंदीत एप्रिल-मेच्या सरी शून्याच्या आसपास, कधी शून्याच्या वरही असतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस उणे सहा-आठच्या घरात जातो. एकाच गावच्या आभाळातून पडणाऱ्या पाण्यात एवढी तफावत!

परतीच्या पावसाची गोष्ट आणखी वेगळी. उत्तरा-हस्तात मराठवाड्यात, सोलापूर-लातूरकडे जो पाऊस येतो त्याची वाफ बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागरावरून आलेली असते. ती जमिनीवरून शेकडो मैल बरसत येते. शिवाय पावसाळा सरताना गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी यांचे पाणी त्या उपसागरात ओतले गेलेले असते, त्यामुळे तिथला समुद्रच वरच्या थरात जरा हलका झालेला असतो. दक्षिण भारतात ईशान्य मोसमी पाऊस हा नैऋत्य मोसमी पावसापेक्षा ठळकपणे हलका भरतो, हे पुन्हा पुन्हा मोजले गेले आहे. चक्रीवादळाचा पाऊस तर सर्वांत हलक्यात जमा. म्हणजे आपल्या आजोबांनी पावसाला तरणा आणि म्हातारा अशी नावे ठेवली, त्यात थोडेफार शास्त्रही होते म्हणायचे.

थंड मुलखात हिशेब वेगळा चालतो. तिथे पावसाच्या जोरापेक्षा थंडीचे महत्त्व जास्त. जितकी थंडी तितके ढगातले जड पाणी आधी गळून गेलेले, म्हणून हिवाळ्याचा बर्फ हलका आणि उन्हाळ्याचा पाऊस जड. हे शोधणाऱ्यांत डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांचे नाव पहिले. १९५२ च्या जूनमध्ये त्यांनी आपल्या घराच्या हिरवळीवर बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे ठेवून पाऊस धरला आणि तपासला. एवढ्याच सामानावर सुरुवात झाली. पुढे ग्रीनलंडच्या बर्फात उन्हाळे आणि हिवाळे उसाच्या पेरांसारखे मोजता आले ते याच आकड्यांवरून. आपल्याकडे हिमालयात उंचावर पडलेला बर्फ उणे पंधरा किंवा त्याहून खाली जातो, आणि त्यामुळे हिमालयातल्या नदीत बर्फाचे पाणी किती आणि पावसाचे किती, याचा अंदाज बांधता येतो. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने या कामात बरीच वर्षे घातली आहेत.

मग आपल्या देशात याची पद्धतशीर नोंद आहे का? आहे, पण विरळ. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६१ पासून जगभर महिन्याच्या महिन्याला पावसाचे नमुने गोळा करायला सुरुवात केली, त्यात मुंबई आणि दिल्ली होती. २००८ च्या सुमारास अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या पुढाकाराने देशातल्या पावसाच्या, नद्यांच्या आणि भूजलाच्या 'ठशांचा' राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला गेला. चांगले काम झाले. पण ते शास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत राहिले आणि इंग्रजीत राहिले. गावच्या सरपंचाला त्याचा एक कागदही मिळाला नाही, आणि त्याने मागितलाही नाही. मागायचे असते हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

आता आपल्या विहिरीकडे या. महाराष्ट्राच्या भूभागाचा पाचातला चार वाटे भाग काळ्या पाषाणाचा. या खडकाला वाळूसारखे पोट नाही. वरचा मुरूम, मधला मांजऱ्या आणि पाषाणाच्या भेगा, एवढ्यातच काय ते पाणी मावते. आडव्या बोअरवर आणि उभ्या बोअरवर आपण किती पैसा घातला याचा हिशेब मांडला तर झोप उडेल. बोअरवाला म्हणतो, "साडेतीनशेला पाणी लागलं." छान. पण ते पाणी यंदाचे की वर्षानुवर्षे साठलेले?

हे कळायला वर्षभर पावसाचा आणि बोअरचा, दोन्हींचा नमुना घ्यावा लागतो. पावसाचा आकडा ऋतूप्रमाणे वर-खाली होतो, हे आपण पाहिले. बोअरचा आकडाही त्याच्या पाठोपाठ हलत असेल, तर तिथे यंदाचे पाणी चटकन पोचते. ती बोअर पावसावर भरते आणि पावसाने दगा दिला की तीही दगा देते. पण पुनर्भरण केले तर तिला लगेच गुण येतो. उलट बारा महिने आकडा जागचा हलत नसेल, तर आतले पाणी अनेक पावसांचे मिसळून शांत झालेले आहे. ती पूर्वजांची ठेव. उपसली तर उपसली, भरायला पुष्कळ काळ लागणार. शेजारी-शेजारी दोन बोअर असतात आणि एक फेब्रुवारीत आटते, दुसरी मे महिन्यातही चालते. दुसरीच्या मालकाला सगळे भाग्यवान समजतात. तो कदाचित भाग्यवान नसून भांडवल खात असेल. ही गोष्ट त्याला मोटारीचा हॉर्सपॉवर वाढवण्याआधी कळायला नको का?

तसेच मृगाचे. पहिल्या पावसाने विहिरीला पाझर फुटला की आपण आनंदतो. पण भेगाळलेली काळी जमीन पहिले पाणी स्वतःच पिते, आणि त्यातले पुष्कळसे उन्हाने परत उडते. विहिरीचा आकडा जर जड वळवाशी न जुळता श्रावण-भाद्रपदाच्या झडीशी जुळला, तर समजावे की विहीर भरणारा पाऊस तो. मग नांगरट, बांधबंदिस्ती, चर यांचे काम त्या पावसाला अडवेल अशा बेताने व्हायला हवे. परतीच्या पावसाशी जुळला, तर कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या कधी टाकायच्या या दरवर्षीच्या वादाला एक आधार मिळेल. आज त्या फळ्या पंधरा ऑक्टोबरला टाकायच्या की ठेकेदाराला सवड झाली की टाकायच्या, एवढीच चर्चा होते.

सगळ्यांत उपयोगाची परीक्षा मात्र पाझर तलावाची. तलावाचे पाणी हिवाळाभर उघड्यावर राहते. हलके पाणी उडते, जड उरते. हे उडणे असे असते की जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन यांचा एकमेकांशी असलेला मेळही बिघडतो. पावसाचे दोन्ही आकडे कागदावर मांडले तर जगभरातले पाऊस जवळपास एका सरळ रेषेत बसतात. अमेरिकेच्या हार्मन क्रेग यांनी हे १९६१ साली दाखवले. उन्हात राहिलेले पाणी त्या रेषेवरून खाली घसरते आणि घसरलेले ओळखू येते. समजा, मार्चमध्ये तलावाचा आकडा अधिक तीन आहे, तलावापासून दूरच्या, वरच्या अंगाच्या विहिरींचा उणे तीन, आणि तलावाखालच्या विहिरीचा शून्य. म्हणजे त्या विहिरीत निम्मे पाणी तलावाचे. तिचाही आकडा उणे तीनच आला आणि पावसाच्या रेषेवरच बसला, तर उन्हाळ्यात तो तलाव त्या विहिरीला काही देत नाही. त्याचे पाणी आभाळात तरी जाते किंवा दुसऱ्या अंगाने कुठे तरी झिरपते. अशा तलावाचा गाळ काढायला पुन्हा लाखो रुपये घालायचे की नाही, हे ग्रामसभेने मग ठरवावे. आज ते ज्याचा जेसीबी तो ठरवतो.

"हे सगळं कागदावर ठीक," असे म्हणणाऱ्यांना उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातल्या गौचरचे उदाहरण देतो. तिथले डोंगरातले झरे उन्हाळ्यात आटू लागले होते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एका स्वयंसेवी संस्थेला बरोबर घेऊन पावसाचे आणि झऱ्यांचे नमुने तपासले. डोंगरावर जितके वर जावे तितका पाऊस हलका, या नियमाने झऱ्याचे पाणी किती उंचीवर मुरते ते काढले. हजार ते तेराशे मीटरच्या दरम्यानच्या जागा निघाल्या. चर आणि बंधारे तिथेच घातले. २००४ च्या पावसाळ्यानंतर झऱ्यांचे पाणी वाढले, उन्हाळ्यातही टिकले आणि खालच्या अंगाला दोन नवे झरे फुटले. दिसेल तिथे चर खोदले असते तर हे झाले असते का?

अर्थात हिमालयाचा आकडा सह्याद्रीला जसाच्या तसा लावता येणार नाही. आपला घाट समुद्राला खेटून उभा आहे, तिथले उंचीचे गणित वेगळे मोजावे लागेल. दुसरे, ही परीक्षा पाणी आणून देत नाही आणि बोअर कुठे मारायची हेही दाखवत नाही. नारळवाल्या पाणाड्याच्या जागी एक नवा पाणाड्या असे कोणी समजू नये. तिसरे, तलावाचे पाणी ऑक्टोबरातच मुरले असेल तर त्यावर उन्हाचा शिक्का उमटलेला नसतो, म्हणून एका बाटलीवरून निकाल देणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. कालव्याखालच्या गावात तर आणखी जपून, कारण तिथे कालव्याचा पाझर, पाटपाणी आणि पाऊस यांची खिचडी झालेली असते. ती वेगळी करता येते, पण नमुने जास्त लागतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की नव्या बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात सिमेंट, वाळू, खडी यांच्याबरोबर या तपासणीची एक ओळ असली पाहिजे. काम होण्याआधी एक वर्ष आणि झाल्यावर एक वर्ष. केंद्राने २०१९ च्या डिसेंबरात अटल भूजल योजना जाहीर केली, त्यात महाराष्ट्र होता आणि गावांनी पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्यावर भर होता. जमा-खर्च मांडायची सवय त्यामुळे लागत असेल तर उत्तमच. पण जमेच्या बाजूला पाणी कोणत्या खात्यातून आले हे लिहिल्याशिवाय वही पुरी होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून आहे, तिच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत, त्यांची पातळी ठरावीक महिन्यांत मोजली जातेच. पातळी मोजायला आलेल्या माणसाने येताना एक बाटली भरून नेली तर त्याचा वेगळा फेरा पडत नाही. तपासण्याची सोय मुंबई, पुणे, अहमदाबाद, रुडकी इथल्या संस्थांत आहे. लेझरवर चालणारी नवी यंत्रे आल्यापासून हे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. मात्र निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. नाहीतर तोही फायलीत जाऊन बसेल.

बाटली भरण्याची रीत अवघड नाही, पण काटेकोर आहे. पावसासाठी नरसाळे लावलेला कॅन ठेवावा आणि त्यात पॅराफिन तेलाचा पातळ थर घालावा. तेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे खालचे पाणी उडत नाही. उडाले की शिक्का पुसला. गोडेतेल चालणार नाही. महिना संपला की तेलाखालचे पाणी लहान बाटलीत काठोकाठ भरावे, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि बूच घट्ट लावून त्यावर तारीख आणि जागा लिहावी. विहिरीचे पाणी आधी मोटार काही वेळ चालवून मगच घ्यावे. तलावाचे काठावरच्या डबक्यातून न घेता जरा आत जाऊन घ्यावे. जलसुरक्षकाला हे एका सकाळीत शिकवता येते. शाळेतल्या मास्तरांनी आठवी-नववीच्या पोरांना हाताशी धरले तर त्याहून बरे.

एक मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, म्हणजे जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांना पत्र पाठवायला आणि कॅन आणायला सवड मिळेल. रोहिण्या पंचवीस मेच्या सुमारास लागतात. कॅन त्याआधी बसला पाहिजे, कारण वळवाची पहिली जड सर निसटली तर ती पुढच्या वर्षीपर्यंत मिळत नाही.